बंद गाळ्यातली गाडी

मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की आपल्यासमोर उभे राहते ते मेकॅनिकचे दुकान. तेलाने काळी झालेली जमीन, उघडलेले बॉनेट आणि पान्यांचा खणखणाट. गाडी नुसती ठेवण्याच्या जागेला आपण सहसा गॅरेज म्हणत नाही. कोणी तिला गाळा म्हणतो, कोणी शेड. इमारतीच्या तळमजल्यावरचा शटरचा गाळा किंवा घरामागची पत्र्याची शेड महिन्याच्या भाड्याने घ्यायची, गाडी आत लावायची, शटर ओढायचे आणि विमान पकडायचे. खेड, चिपळूण, दापोली, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतल्या आपल्या लोकांना ही रीत नव्याने सांगावी लागणार नाही. मालक कुवेतला किंवा दुबईला, आणि गाडी इथे कव्हराखाली.

कोकणी मुसलमान परमुलखाला नवा नाही. पूर्वी तो मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून जाई. १९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि आखाताची वाट रुंद झाली. दोन वर्षांनी, पुढे वर्षाने, महिना-दीड महिन्याची रजा मिळे. त्या रजेत लग्ने, सुंता, नातेवाइकांच्या भेटी, दवाखाने आणि कोर्टकचेऱ्या सारे उरकायचे असते. मग वाहन हवेच. अशा तऱ्हेने गाडी घेतली जाते, वर्षातले तीस-चाळीस दिवस धावते आणि उरलेले सारे दिवस अंधारात उभी राहते.

आम्हाला येथे या गाडीच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. जाताना गाडीमालक गाळेमालकाला म्हणतो, “चाचा, गाडीवर जरा लक्ष ठेवा.” चाचा म्हणतात, “तू बेफिकीर जा.” भाडे ठरते, चावी हातात पडते. या दोन वाक्यांनी नेमके काय घडले? हा जागेच्या भाड्याचा व्यवहार झाला की अमानतीचा? ज्याची वस्तू त्याच्यावर कोणती जबाबदारी आली आणि ज्याने ठेवून घेतली त्याच्यावर कोणती?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण वाद होतात ते इथेच. गाडी चालू होत नाही, टायर बसलेले असतात, सीटवर बुरशी असते, आणि मालक म्हणतो, “मी भाडे देत होतो.” गाळेमालक म्हणतो, “तू जागेचे भाडे देत होतास.” दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. वर्षानुवर्षांची ओळख अशा दोन खऱ्या वाक्यांमध्ये सापडून तुटते.

आमच्या मते उत्तराचा धागा चावीपाशी आहे. गाळ्याची आणि गाडीची, दोन्ही चाव्या मालकाने स्वतःकडे किंवा आपल्या घरी ठेवल्या, तर त्याने फक्त जागा घेतली. फिक्हच्या भाषेत हा इजारा झाला, म्हणजे भाड्याचा करार. आतल्या मालाची राखण भाडेकरूची. पण चावी दुसऱ्याच्या हाती दिली, ताबा दिला, की व्यवहाराचे रूप पालटते. आता ती वस्तू ‘वदीअत’ झाली; आपल्या बोलीतला शब्द अमानत.

देशाचा कायदाही फारसे वेगळे सांगत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १४८ व्या कलमात अशा ताब्याची व्याख्या आहे, आणि १५१ वे कलम म्हणते की ज्याच्या ताब्यात वस्तू दिली त्याने सामान्य शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल इतकी काळजी घेतली पाहिजे. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने गाडी लावण्यासाठी नोकराच्या हाती चावी दिली आणि गाडी चोरीस गेली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. चावी घेतल्यावर हॉटेलची जबाबदारी सुरू होते, आणि पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही, असा निकाल न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

कायदा नुकसानभरपाईपर्यंत नेतो. अमानत हा शब्द त्याहून पुढे जातो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना नुबुव्वत मिळण्यापूर्वी मक्केचे लोक ‘अल्-अमीन’ म्हणत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यातला एक तपशील आपण पुरेसा ध्यानात घेत नाही. इ. स. ६२२ मध्ये हिजरतची वेळ आली तेव्हा जे लोक त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांतल्याही काहींच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले, असे सीरतकार सांगतात. स्वतःचे घर सोडून रात्री निघावे लागत असताना, शत्रूची वस्तू सोबत नेणे किंवा तशीच टाकून जाणे सहज शक्य होते. तसे केले असते तर त्यांना दोष देणाऱ्याचे तोंडही बंद करता आले असते. पण अमानत ही ठेवणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून नसते, हा धडा त्या रात्री दिला गेला.

दुसरा प्रसंग चावीचाच आहे. इ. स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची चावी उस्मान बिन तल्हा यांच्याकडून घेण्यात आली. दार उघडले गेले, आतील काम झाले. ती चावी आता आपल्या घराण्याला मिळावी अशी इच्छा जवळच्या आप्तांनी बोलून दाखवली. पण चावी परत उस्मान यांच्याच हाती दिली गेली. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचवा, अशी आज्ञा देणारी सूरह निसामधील आयत अनेक भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. विजेत्याच्या हातात आलेली चावीही त्याची होत नाही, मग भाड्याच्या गाळ्यातल्या गाडीची कशी होईल?

आता काळजी म्हणजे काय, ते नीट पाहू. कारण ‘लक्ष ठेवा’ या दोन शब्दांत सारा घोटाळा आहे. उभी गाडी स्थिर असते असे आपल्याला वाटते, पण ती आतून झिजत असते. घड्याळ, लॉक आणि अलार्म बॅटरीतून थोडा थोडा करंट घेत राहतात. काही आठवड्यांत बॅटरी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर धरून ती कायमची निकामी होते. एकाच जागी भार घेऊन टायर चपटे होतात. ओढून ठेवलेला हँडब्रेक दमट हवेत गंजून चिकटतो. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा किंवा लाकडी ओंडके लावणे बरे. समुद्राकाठच्या खारट हवेने खालचा पत्रा गंजतो. कोकणचा चार महिन्यांचा पाऊस बंद गाळ्यात शिरत नाही, पण त्याची ओल शिरते आणि स्टिअरिंगवर पांढरी बुरशी येते. घट्ट प्लॅस्टिकचे कव्हर ही ओल आतच कोंडते. उंदरांना इंजिनाची ऊब आणि वायरींचे आवरण दोन्ही आवडते. पेट्रोल जुने होते. नुसते इंजिन पाच-दहा मिनिटे सुरू करून बंद करणे, हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय. त्याने बॅटरीतून जेवढे जाते तेवढे भरूनही निघत नाही. एकतर निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, नाहीतर गाडी पंधरवड्याने काही किलोमीटर चालवून आणावी.

हे सारे कोणी करायचे? महिन्याच्या जागाभाड्यात हे येते काय? आम्हाला वाटते, येत नाही. भाडे चार भिंती, छप्पर आणि कुलूप यांचे असते. चोरी, गळणारे छप्पर, उघडे राहिलेले शटर यांची जबाबदारी गाळेमालकाची आहेच. तुर्की उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार झाली. तिच्या ७७७ व्या कलमात हा भेद स्पष्ट आहे. विनामोबदला ठेव सांभाळणाऱ्याकडून त्याच्या चुकीशिवाय वस्तू गेली तर भरपाई नाही. पण राखणीचा मोबदला घेणाऱ्याकडून, चोरीसारख्या टाळता येण्याजोग्या कारणाने गेली तर भरपाई आहे. आपले कोकणी लोक बहुतेक शाफई आहेत, तरी विचार करण्यासाठी हा भेद कोणालाही उपयोगी आहे. मात्र बॅटरी, टायर, बुरशी हे वस्तूचे स्वतःचे झिजणे आहे. ते थांबवायचे असेल तर ते काम वेगळे सांगावे लागेल, आणि त्याचे पैसेही वेगळे द्यावे लागतील. ‘चाचा आपलेच आहेत’ असे म्हणून एखाद्याचे श्रम फुकट घ्यायचे आणि काम राहिले की भाड्याकडे बोट दाखवायचे, हा न्याय नाही.

गाडीमालकाची आणखी एक जबाबदारी आहे. करार कायद्याचे १५० वे कलम सांगते की वस्तू देणाऱ्याने तिच्यातील माहीत असलेला दोष सांगितला पाहिजे. पेट्रोल गळते आहे, वायरिंग उघडे आहे, हे ठाऊक असून न सांगता गाडी दुसऱ्याच्या घराखाली लावणे म्हणजे त्याच्या मुलाबाळांच्या डोक्यावर धोका ठेवणे. अमानत देणाराही अमीन असला पाहिजे.

२२ जुलै २०२१ रोजी या साऱ्या चर्चेची कसोटी लागली. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले. तळमजले बुडाले, आणि भाड्याचे गाळे तळमजल्यावरच असतात. आदल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, कोरोनामुळे आंतरराष्ट्रीय विमाने थांबली तेव्हापासून कित्येक मालकांना घरी येता आले नव्हते. अशा वेळी गाळेमालकाने काय करायचे? आधी घरची म्हातारी माणसे वर न्यायची, मग धान्य, मग कागदपत्रे. परक्याची गाडी त्यानंतरच. त्याला कोणी दोष देऊ नये. परंतु स्वतःची गाडी उंचावर नेऊन लावायला वेळ मिळाला, दुसऱ्याची चावी खिशात होती, आणि तरी ती हलवली नाही, तर प्रश्न उभा राहतो. ‘आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी’ हे कायद्याचे माप येथे लागू पडते. ते माप प्रत्येकाने आपल्या मनाशीच लावायचे असते, कारण त्या गोंधळात दुसरा साक्षीदार नसतो.

आणि गाडीमालक? परदेशी जाताना पैसे वाचवायचे म्हणून कित्येक जण पूर्ण विमा सोडून फक्त थर्ड पार्टी ठेवतात, किंवा तोही संपू देतात. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे पुराने झालेले नुकसान मिळत नाही. स्वतः केलेल्या बचतीचा भुर्दंड नंतर गाळेमालकाकडे मागायचा, हे कोणत्या नीतीत बसते?

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. रात्रीचे दोन वाजले आहेत. शेजारच्या बाईला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, किंवा कोणाच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका लांब आहे. गाळ्यात गाडी आहे, चावी भिंतीवरच्या खिळ्याला लटकते आहे, आणि मालक हजारो मैलांवर आहे. गाळेमालकाने शटर उघडावे की नाही?

नियम पाहिला तर परवानगीशिवाय ठेव वापरणे हा अतिक्रम आहे. वापरताना काही झाले तर भरपाई द्यावी लागते, असे करार कायद्याचे १५४ वे कलम आणि फिक्ह दोन्ही सांगतात. दुसरीकडे, जीव वाचवण्यासाठी निषिद्ध गोष्टही मुभेची होते, हे तत्त्व आपल्यातल्या सामान्य माणसालाही ठाऊक आहे. पण त्या तत्त्वाला जोडून दुसरे एक तत्त्व आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. मजल्लाच्या ३३ व्या कलमाचा आशय असा : निकड दुसऱ्याचा हक्क पुसून टाकत नाही. भुकेने मरणाऱ्याने दुसऱ्याची भाकर खाल्ली तर पाप नाही, पण तिची किंमत नंतर चुकती करावी लागेल. आम्हाला हे कलम मोठे विलक्षण वाटते. ते माणसाला मरू देत नाही आणि भाकरीच्या मालकालाही विसरत नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. गाळेमालकाने गाडी काढावी. पेशंटला पोचवावे. सकाळी मालकाला स्वतःहून फोन करावा. त्याला दुसऱ्याकडून कळण्याची वाट पाहू नये. पेट्रोल भरावे, खरचटले असेल तर दुरुस्त करून द्यावे. आणि एका निकडीने उघडलेले शटर पुढे लग्नाच्या वरातीसाठी, पोराच्या फेरफटक्यासाठी उघडू नये. निकड संपली की मुभाही संपते. इथेच माणसे घसरतात.

आता गाडीमालकाचे पाहू. तो भरपाई मागू शकतो, हा त्याचा हक्क आहे. पण कुरआन शरीफमध्ये सूरह माऊन नावाची सात आयतींची छोटी सूरह आहे. नमाजात ती आपण कितीदा तरी पढतो. तिच्या अखेरीस अशा लोकांची निंदा आहे जे ‘माऊन’ देण्याचे नाकारतात. माऊन म्हणजे काय? काहींनी त्याचा अर्थ जकात असा घेतला. अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेला अर्थ कुऱ्हाड, भांडे, बादली असा आहे. म्हणजे शेजाऱ्याने मागितली तर देऊन परत घेता येते अशी रोजच्या वापराची वस्तू. नमाजातल्या गाफिलपणाची निंदा ज्या सूरहमध्ये आहे, तिच्यातच बादली न देण्याचीही निंदा आहे. आजच्या खेड्यात रात्री दोन वाजता गाडी ही बादलीच आहे.

वापरातल्या गाडीवर जकात नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि ते बरोबरही आहे. स्वारीचे जनावर, राहते घर, घरातील भांडीकुंडी यांवर जकात लागत नाही. पण जकात नाही म्हणजे हिशेबच नाही, असा समज करून घेणे चूक आहे. जकात हे किमान आहे. लाखो रुपयांची वस्तू वर्षातले अकरा महिने गंजत ठेवणे इस्राफमध्ये मोडते की नाही, हा प्रश्न जकातीच्या बाहेर उरतोच.

तरी आम्ही गाडीमालकावर कठोर होऊ इच्छित नाही. भाड्याची टॅक्सी स्वस्त पडेल, हा हिशेब त्यालाही येतो. गाडी ठेवण्यात मिरवण्याचा भाग असेल. पण त्याहून मोठा भाग वेगळा आहे. आपण परत येणार आहोत, हे ती गाडी त्याला सांगत असते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना तिथून आणावे लागले. किती जण घरे, गाड्या, पगार मागे टाकून दोन पिशव्यांनिशी उतरले, हे आपल्या घराघरांतून ऐकायला मिळते. परक्या देशातले काही आपले नसते, हे ज्याने एकदा पाहिले तो गावात काहीतरी आपले म्हणून ठेवू पाहतो. ही भावना आम्ही समजू शकतो. पण आपल्या परतण्याच्या आशेचे ओझे दुसऱ्याने किती वाहावे, यालाही मर्यादा हवी. भाडे सहा-सहा महिने थकवायचे, फोन उचलायचा नाही, आणि गाडी मात्र जशीच्या तशी हवी, हे चालणार नाही. उलट भाडे थकले म्हणून गाळेमालकाने टायर किंवा बॅटरी विकून वसुली करावी, हेही नाही. ज्याने तुमच्याशी दगा केला त्याच्याशीही दगा करू नका, असा हदीसचा आशय आहे. वसुलीचा मार्ग पंचांसमोर आणि कायद्यासमोर आहे, अंधाऱ्या गाळ्यात नाही.

शेवटी एक गोष्ट जिचा कोणी आधी विचार करीत नाही. मालक परदेशातच वारला तर? चार दिवसांनी त्याचा भाऊ येतो, “भाईची गाडी आहे,” म्हणून चावी मागतो. गाळेमालक भिडेपोटी देऊन टाकतो. त्या क्षणी त्याने अमानतीत खयानत केलेली असते. मालकाच्या मृत्यूबरोबर ती गाडी वारसांची झाली. त्यांत विधवा आहे, मुली आहेत, असली तर म्हातारी आई आहे. त्यांचे हिस्से कुरआनने ठरवून दिले आहेत. मोहल्ल्यातल्या वजनदार आवाजाने ते बदलत नाहीत. इद्दतमध्ये बसलेली बाई गाळ्यावर येऊन भांडू शकत नाही. म्हणूनच तिच्या वतीने थांबणे हे चावी धरलेल्या हाताचे काम आहे. “सगळे वारस एकत्र सांगतील तेव्हा देईन,” एवढे वाक्य बोलायला फार विद्या लागत नाही, थोडी हिंमत लागते.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाज-रोज्यांविषयी नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, याविषयी आहे. आपण मात्र आपल्या माणसाशी कागद करण्याची लाज बाळगतो आणि भांडण्याची बाळगत नाही. एका पानावर मावेल एवढेच लिहायचे आहे : चावी कोणाकडे, भाडे कशाचे आणि देखभालीचे किती, विमा कधी संपतो, निकडीला गाडी काढावी की नाही, पूर आला तर फोन कोणाला करायचा, आणि मालक परतला नाही तर चावी कोणाच्या हाती द्यायची. त्यातही निकडीच्या वापराची परवानगी मालकाने आपण होऊन लिहून द्यावी आणि त्यासाठी विमा चालू ठेवावा. विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे आणि संकटात तिने आणखी एक संकट वाढते. ज्याला एवढेही करणे होत नाही, त्याने गाडी विकून टाकावी. ती कोणाच्या तरी रोजच्या उपयोगी पडेल. आपल्याकडे असलेली प्रत्येक वस्तू ही मुळात अल्लाहची अमानत आहे, असे आपण सगळेच म्हणतो. ते खरे असेल तर चावी देणारा आणि चावी घेणारा, दोघेही भाडेकरूच आहेत, आणि हिशेब दोघांनाही द्यावयाचा आहे.